चिखल, चटई आणि तांदळाची चादर

मार्च महिना म्हणजे आम्हा कारकून मंडळींचा परीक्षेचा महिना. हिशेब जुळवायचे, थकबाकीचे तक्ते भरायचे, सह्यांसाठी टेबलाटेबलावर फिरायचे. अशा महिन्यात आठ दिवसांची रजा मागणे म्हणजे साहेबांच्या कपाळावर आठ्या आणणे. तरी आम्ही मागितली. २०२५ ची धूळवड शुक्रवारी, १४ मार्चला आली होती आणि पुढे शनिवार-रविवार होता, तेवढाच आधार. साहेबांनी विचारले, "कुठे, बुद्धगयेला?" आम्ही म्हणालो, "नाही साहेब, व्हिएतनामला." त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि मग सही केली.

आम्ही नऊ जण होतो. तीन वर्षांची भिशी, त्यात प्रत्येकाची थोडीथोडी भर. आमच्या आयुष्यमती, त्यांच्या मावशी, कार्यालयातले शिपाई दादा व वहिनी, शेजारचे गुरुजी व त्यांच्या पत्नी, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या दोघी परिचारिका. बुद्धगया, सारनाथ, लुंबिनी सर्वांची झालेली. आता समुद्रापलीकडचा एखादा बौद्धांचा देश पाहावा, असे मनात होते. व्हिएतनामचा व्हिसा घरबसल्या संगणकावर मिळतो, एका प्रवेशाचे शुल्क २५ डॉलर. नागपूरहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई, तेथून विमानाने हो ची मिन्ह शहर, पुन्हा विमान बदलून दा नांग. तेथून होई आन हे जुने बंदराचे गाव सुमारे तीस किलोमीटर.

पहिले दोन दिवस पॅगोडे पाहण्यात, वंदना करण्यात आणि चालून चालून पाय सुजवून घेण्यात गेले. तिसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमावर मात्र आमच्यात मतभेद झाले. प्रवास कंपनीच्या कागदावर त्या दिवशी लिहिले होते : सकाळी भाजीच्या मळ्यात काम, नंतर स्वयंपाक शिकणे, दुपारी कुंभारकाम, मग चटई विणणे. सर्व स्वतःच्या हाताने. त्याचे वेगळे पैसे.

शिपाई दादा संतापले. म्हणाले, "आपल्या बापजाद्यांनी जन्मभर फुकट चिखल तुडवला. त्यातून सुटावं म्हणून बाबासाहेबांनी गावकी सोडा, शहराकडे चला म्हटलं. अन् आता आपण पैसे देऊन चिखल तुडवायचा?"

खरे सांगायचे तर आम्हालाही ते पटले. 'पारंपरिक व्यवसाय' हा शब्द ऐकला की आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो, आणि त्याला कारण आहे. आपल्या देशात परंपरेने काय करायचे हे माणसाने ठरवलेले नव्हते, जातीने ठरवलेले होते. गुरुजी म्हणाले, मतदान घेऊ. तेवढ्यात मावशी उठल्या. मावशींचे वय बहात्तर. त्या म्हणाल्या, "इतक्या लांब आलो तं पाहू तं द्या, यायचा चिखल कसा राहते." प्रश्न मिटला.

गुरुवारी, १३ मार्चला सकाळी सात वाजता वाट दाखवणारी मुलगी आली. वय वर्षे पंचवीसच्या आतबाहेर, इंग्रजी चांगले. आल्या आल्या तिने प्रत्येकाला वय विचारले. आयुष्यमती जरा गोंधळल्या, कारण आपल्याकडे बाईला असे तोंडावर वय विचारत नाहीत. मग तिने खुलासा केला. त्यांच्या भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' यांच्या जागी नातेच बोलतात. समोरची व्यक्ती आपल्यापेक्षा लहान की मोठी हे कळल्याशिवाय वाक्यच पुढे जात नाही. लहान तो 'एम', मोठी बहीण 'ची', मोठा भाऊ 'आन्ह', आत्याच्या वयाची 'को', आणि आजीच्या वयाची 'बा'. म्हणून मावशी झाल्या 'बा'. मावशी म्हणाल्या, "काय वं पोरी, आमच्याकडे बा म्हंजे बाप!" हे तिला भाषांतर करून सांगितले तेव्हा ती इतकी हसली की गाडी पाच मिनिटे उशिरा सुटली. भाजीवालीला मावशी, रिक्षावाल्याला दादा म्हणणाऱ्या आपल्या माणसांना त्या भाषेत परके वाटायचे काही कारण नाही.

होई आन थू बोन नदीच्या मुखाशी आहे. पंधराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत येथे चिनी, जपानी व युरोपी व्यापाऱ्यांची गलबते लागत. पुढे नदी गाळाने भरली, व्यापार दा नांगकडे गेला आणि गाव होते तसे राहिले. मागे पडल्यामुळेच ते वाचले, असे म्हणतात. १९९९ साली युनेस्कोने जुन्या गावाला जागतिक वारसा ठरवले आणि २०२३ साली हस्तकला व लोककलांच्या सर्जनशील शहरांच्या यादीत घेतले. आम्ही गेलो तेव्हा ते क्वांग नाम प्रांतात होते. १ जुलै २०२५ पासून तो प्रांत दा नांग शहरात विलीन झाला आहे.

गावापासून दोन-तीन किलोमीटरवर त्रा क्वे हे भाजीचे गाव आहे. सुमारे १८ हेक्टर जमीन, एका बाजूला नदीचा फाटा आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचे तळे. जमीन रेताड. अशा जमिनीत पालेभाजी कशी टिकते, हे तेथे पाहायला मिळाले. तळ्यातले पाणगवत काढून आणतात, वाफ्यात चर खणून खाली अंथरतात, वर माती ओढतात. ते कुजते, ओल धरते आणि तेच खत होते. २०२४ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने या गावाचा जगातल्या उत्तम पर्यटन खेड्यांमध्ये समावेश केला.

आम्हाला तपकिरी रंगाचे सैल सदरे आणि पानांच्या निमुळत्या टोप्या दिल्या. गुरुजी त्या वेषात इतके बदलले की त्यांच्या पत्नींनीच त्यांना ओळखले नाही. एका साठीच्या शेतकऱ्याने कुदळ हातात दिली. दोन वाफे उकरले, पाणगवत पसरले, दाताळ्याने माती सारखी केली, रोपे लावली. मग पाणी. खांद्यावर बांबूची कावड, तिच्या दोन्ही टोकांना दोन झाऱ्या. दोन्ही झाऱ्या एकदम वाकवून, दोन वाफ्यांच्या मधून एका चालीत पुढे जायचे. आम्ही एक वाफा भिजवला आणि एक पाय. शिपाई दादा सकाळपासून तोंड पाडून बसले होते. त्यांनी शेवटी कावड घेतली आणि पूर्ण ओळ एकदाही न थांबता भिजवून आले. शेतकऱ्याने अंगठा वर केला. दादा काही बोलले नाहीत, पण टोपी त्यांनी दिवसभर उतरवली नाही.

येथे मावशींनी त्यांचा प्रश्न पहिल्यांदा विचारला. मुलीला म्हणाल्या, "याले इचार, याचे पोरं काय करतात?"

शेतकऱ्याने सांगितले, थोरला दा नांगला हॉटेलात नोकरीला आहे, धाकटी शिकते आहे. मळ्यात यायला तयार आहेत का? तो हसला. आले तर आनंद, नाही आले तरी माझी ना नाही, असे तो म्हणाल्याचे मुलीने सांगितले. मावशींनी मान डोलावली. पण त्यांचे समाधान झाले नव्हते, हे आम्हाला कळत होते.

मळ्याच्या कडेलाच चूल मांडलेली होती. स्वयंपाक शिकवायला ज्या बाई होत्या त्यांना मुलगी 'को' म्हणत होती, म्हणून आम्हीही 'को' म्हणू लागलो. पहिला पदार्थ 'ताम हू', म्हणजे तीन मित्र. एक कोळंबी, डुकराच्या मांसाची एक चकती आणि मळ्यातल्या पानांची जुडी, एवढे एकत्र धरून गरम पाण्यातून काढलेल्या कांद्याच्या पातीने गुंडाळून गाठ मारायची. दिसायला सोपे, पण आमच्या गाठी सुटत होत्या. आयुष्यमतींच्या मात्र एकही सुटली नाही. त्या शिवणकाम करतात.

मग 'बान्ह सेओ'. तांदूळ भिजवून दगडी जात्यातून पाण्यासकट दळायचे, पांढरे पातळ पीठ एका बाजूने भांड्यात उतरते. त्यात हळद घालून तव्यावर धिरडे. वर कोळंबी, मांसाचे काप, मोड आलेले मूग. 'सेओ' हा पीठ तव्यावर पडतानाचा आवाज. म्हणजे आपण ज्याला चर्र म्हणतो, तेच त्या पदार्थाचे नाव. धिरडे तुकडे करून कच्च्या पालेभाजीसह तांदळाच्या पातळ पापडीत गुंडाळतात आणि चटणीत बुडवून खातात.

ही चटणी म्हणजे 'नुओक माम'. लहान मासळी आणि मीठ महिनोन्महिने पिंपात मुरवून निघालेला रस. त्यात लिंबू, साखर, लसूण, मिरची आणि पाणी. बाटली उघडली तशी एका परिचारिका ताईंनी नाकाला पदर लावला. मावशी म्हणाल्या, "झिंग्याचा वास येते. मस्त हाय."

आम्हाला शाळा आठवली. डब्यात झिंग्याची चटणी असली की डबा उघडायचा तो खाली मान घालून, झाकण अर्धे लावून. बाकावर शेजारी बसलेला मुलगा सरकायचा. घरी येऊन आईवर चिडायचो की असले देत जाऊ नको. आई बिचारी दुसऱ्या दिवशी नुसती पोळी आणि साखर द्यायची. त्रा क्वेच्या त्या चुलीपाशी 'को' तीच वासाची वस्तू वाटीत ओतून, बोट बुडवून, आम्हाला देशाची ओळख म्हणून दाखवत होत्या. राजाच्या घरी असो की मजुराच्या, या वाटीशिवाय तेथे जेवण होत नाही. आमची आई आता नाही. असती तर तिला ही वाटी दाखवली असती.

'को' स्वतः मात्र काही चाखत नव्हत्या. मीठ बरोबर आहे का, हे आम्हालाच विचारत होत्या. कारण विचारले तेव्हा कळले की त्या दिवशी चांद्रमासाची चौदावी तिथी होती. चौदा, पंधरा, तीस आणि एक या तिथींना त्या मांस-मासळी खात नाहीत. व्हिएतनाममध्ये सरकारी जनगणनेत स्वतःला बौद्ध म्हणून नोंदवणारे थोडेच आहेत, पण पौर्णिमेला आणि चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी शाकाहार पाळणारी घरे पुष्कळ. पंथ महायान, घरात पूर्वजांचे देव्हारे, त्यामुळे आपल्यापेक्षा रीत वेगळी. मावशींनी सांगितले की त्या पौर्णिमेला अष्टशील घेतात आणि दुपारी बारानंतर जेवत नाहीत. 'को' यांनी दोन्ही हात जोडले. मावशींनीही जोडले. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

मग तांदळाची चादर. या कामाची हकीकत जरा सविस्तर सांगितली पाहिजे.

मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवतात आणि त्याच्या तोंडावर कापड ताणून बांधतात. नारळाच्या करवंटीच्या पळीने पीठ त्या कापडावर ओतायचे आणि पळीच्याच बुडाने गोल फिरवत पसरवायचे. वर झाकण. अर्ध्या मिनिटात ते शिजून पारदर्शक होते. मग बांबूची चपटी काडी खालून सरकवून ते उचलायचे आणि बांबूच्या जाळीवर वाळत घालायचे. उचलतानाच खरी कसोटी लागते. गुरुजींची चादर फाटली. आमची गोळा झाली. दादांची जळत्या लाकडावर पडली.

मावशी पुढे आल्या. पीठ ओतले, दोन वेढ्यांत पसरवले, झाकण ठेवले, काढले, आणि काडी बाजूला ठेवून दोन्ही हातांनी ती चादर उचलून जाळीवर टाकली. एक सुरकुती नाही. 'को' ओरडल्याच. गरम चादर त्या नुसत्या हाताने उचलत नाहीत. मुलगी विचारू लागली, आजींना कुठे शिकवले?

मावशींनी तीस-पस्तीस वर्षे लग्नाकार्यात लंबी रोटी करून घर चालवले आहे. नागपूरकडच्या वाचकांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. लोकवन गव्हाचे पीठ सैल भिजवायचे, आपटून आपटून त्याला चिवटपणा आणायचा. मग गोळा दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत खेळवत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकायचा. रुमालासारखी पातळ पोळी होते. हात भाजतात, दंडावर डाग राहतात. मावशींच्या दोन्ही हातांवर आहेत. हे काम त्या नेहमी 'मजुरीचं काम' म्हणूनच सांगत आल्या. आम्हीही तसेच समजत आलो. ही कला आहे आणि ती शिकायला माणसे येतील, पैसे देतील, हे ना त्यांच्या मनात आले, ना आमच्या. 'को' यांनी त्यांचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले आणि स्वतःची बोटे दाखवली. त्यांच्याही बोटांवर वाफेचे डाग होते.

जेवणानंतर होडीने थान हा गावी गेलो. वाटेत काठावर बांबूच्या गोल टोपल्यांसारख्या नावा पालथ्या घातलेल्या दिसल्या. विणीत पाणी शिरू नये म्हणून पूर्वापार त्यांना शेणाने लिंपतात आणि वर झाडाचा डिंकासारखा रस चढवतात. शेणाचा हा उपयोग ऐकून आमच्या बायकामंडळींत बरीच चर्चा झाली.

थान हा हे सुमारे पाचशे वर्षांचे कुंभारांचे गाव. माती थू बोनच्या काठची, भांडी लाल, त्यांना चकाकी देत नाहीत. येथले चाक दोन बायका मिळून चालवतात. एक उभी राहून पायाने चाक फिरवते, दुसरी बसून हाताने मातीला आकार देते. आपल्याकडे कुंभाराच्या चाकावर बाईने बसायचे नाही अशी रीत सांगतात. तिथे पिढ्यान्पिढ्या बायकाच बसल्या आहेत. म्हातारीने आमच्या आयुष्यमतींचे हात आपल्या हातात धरून वाटी घडवून दिली. आम्ही एकट्याने केलेली वस्तू वाटी होती की राखदाणी, यावर अजून घरात एकमत नाही. निघताना मातीच्या लहान शिट्ट्या मिळाल्या, प्राण्यांच्या आकाराच्या. त्यांना 'तो हे' म्हणतात.

मावशींचा प्रश्न इथेही झाला. म्हातारीची सून हॉटेलच्या स्वागतकक्षात कामाला आहे, सुट्टीच्या दिवशी चाक फिरवायला येते. आमच्यातल्या कारकुनाला स्वस्थ बसवेना. आम्ही मुलीला विचारले, आम्ही दिवसाचे जे पैसे दिले त्यातले या आजीच्या हातात किती पडतात? ती म्हणाली, प्रत्येक ठिकाणचे ठरलेले आहे, पण आकडा मला सांगता येणार नाही. हे उत्तर आम्हाला आवडले नाही. हाताने काम करणाऱ्याला किती मिळते, हे पाहुण्याला कळले तर बिघडते कुठे? आम्ही नऊ जणांनी म्हातारीकडून नऊ वस्तू विकत घेतल्या आणि पैसे तिच्याच हातात दिले. एका रुपयाचे सुमारे तीनशे डोंग होतात, त्यामुळे नोटांवरचे आकडे लाखांत. दादा दिवसभर लाखात व्यवहार करून खुशीत होते.

तेथून पलीकडे काम किम बेटावर गेलो. तेथल्या किम बोंग गावचे सुतार प्रसिद्ध आहेत, त्यांच्या पूर्वजांनी ह्युए येथील राजवाड्यांचे काम केले. पण आम्ही थांबलो ते चटई विणणाऱ्या दोन बायकांच्या घरी.

लव्हाळ्याच्या जातीचे गवत, रंगवून वाळवलेले, लाल, हिरवे, पिवळे. जमिनीलगत आडवा माग, त्यावर तागाच्या दोरीचा ताणा. एक बाई लांब काडीच्या टोकाला गवताची एक काडी अडकवून ती ताण्यातून आरपार सारते, दुसरी बाई लाकडाची जड फणी दोन्ही हातांनी ओढून ती काडी घट्ट बसवते. सार, ओढ, सार, ओढ. दोघी एकमेकींकडे बघतही नव्हत्या.

मावशी दारातच उभ्या राहिल्या. आम्हाला वाटले, दमल्या. पाणी दिले, ते त्यांनी घेतले नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "जवाई, माह्या आज्याचा माग असाच वाजे."

मावशींचे माहेर उमरेडकडचे. त्यांचे आजोबा खड्ड्याच्या मागावर जाडेभरडे कापड विणत. मावशींनी ते लहानपणी पाहिले. आम्ही लग्नाला वीस वर्षे झाली तरी हे कधी ऐकले नव्हते. आमच्या आयुष्यमतींनीही नाही. नागपूरकडचे महार विणकाम करीत, ही काही ऐकीव गोष्ट नाही. रसेल आणि हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातींवर १९१६ साली जो मोठा ग्रंथ काढला, त्यातही तशी नोंद आहे. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या स्वस्त कापडापुढे खेड्यातले माग एकेक करून थांबले आणि त्याच मागावरची पोरे गिरणीत साच्यावर उभी राहिली. मावशींचे वडील त्यांतलेच. ती गिरणीही बंद पडून काळ लोटला.

आपल्याला आपली ओळख करून दिली गेली ती गावकीची. सांगावा नेणारे, मेलेले ढोर ओढणारे. कापड विणणारे ही ओळख कोणी सांगितली नाही आणि आपणही विचारली नाही. ज्या गावाने ते कापड अंगावर घातले, त्याच गावाने विणणाऱ्याचा स्पर्श नको म्हटले. कापड बाटले नाही, माणूस बाटला. म्हणून माग मोडला तेव्हा घरात कोणी त्याचे दुःखही केले नसेल. बाबासाहेबांचे ऐकून आपण ते सारे मागे टाकले, ते योग्यच केले. पण त्या ओझ्यात हाताचा हुन्नर किती होता, हे मोजायचे राहून गेले, असे आम्हाला त्या दारात उभे असताना वाटले. दादांच्या सकाळच्या प्रश्नाला आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. पुरते आजही नाही.

मावशी फणीपाशी बसल्या. पहिल्या पाच-सहा काड्या तिरक्या बसल्या, मग ताल जमला. पंधरा-वीस मिनिटे कोणी काही बोलले नाही. उठताना गुडघे धरून उठल्या आणि मुलीला म्हणाल्या, "आता इचार यायले. हे काम यायले कोनी लावलं? आपल्या मनानं करतात का कोनाच्या सांगन्यावरून?"

मुलीने विचारले. थोरली बाई म्हणाली, आईकडून शिकले. धाकटी बहीण शिंप्याच्या दुकानात गेली, तिला हे आवडत नव्हते. मला आवडते. पैसे कमी आहेत, प्लास्टिकच्या चटईपुढे ही खपत नाही. माझ्यानंतर या घरात कोणी विणणार नाही.

"बहीन गेली तं कोनी काही म्हनलं नाही?"

"कोण काय म्हणणार?" असे ती बाई म्हणाली.

मावशींनी ती चटई, म्हणजे त्याच मागावर विणलेली एक तयार चटई, विकत घेतली.

संध्याकाळी जुन्या गावात आलो. चौदाव्या तिथीला दर महिन्याला रस्त्यावरचे विजेचे दिवे मालवतात आणि कंदील लावतात. ही रीत १९९८ पासून चालू आहे. रेशमी कापडाचे, बांबूच्या सांगाड्याचे, छत्रीसारखे मिटणारे कंदील. नदीत कागदी दिवे सोडतात. दृश्य सुंदर असते, गर्दीही तेवढीच. त्याची वर्णने पुष्कळ ठिकाणी मिळतील, येथे लांबवीत नाही.

त्याआधी मुलीने आम्हाला एका बोळात नेले होते. तेथे बा ले नावाची चौकोनी विहीर आहे, फार जुनी, चाम लोकांच्या काळातली मानतात. 'काव लाउ' नावाच्या होई आनच्या खास शेवया याच विहिरीच्या पाण्यात भिजवायच्या, अशी परंपरा आहे. शेजारच्या घरातला एक माणूस बादली सोडून पाणी काढीत होता. आणखी एक आठवड्यावर २० मार्च आलेली, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस. मावशी काठावरून आत डोकावल्या आणि विचारले, "इथं पानी कोनी भरायचं?"

मुलीला प्रश्न कळला नाही. आम्ही इंग्रजीत पुन्हा सांगितला. तरी कळला नाही. ती म्हणाली, "ज्याला पाणी हवे आहे त्याने." मग १९२७ चे महाड तिला सांगावे लागले. बोळातच उभे राहून सांगितले, गुरुजींनी आणि आम्ही मिळून. तिने मध्ये एकदाच विचारले, "पाणी प्यायचे म्हणून मारले?"

आम्ही परत आलो. चटई विमानात न्यायची कशी यावरून थोडी हुज्जत झाली. शेवटी दादांनी ती गुंडाळी खांद्यावर घेतली आणि मुंबईपर्यंत आणली. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर त्या भागात फार मोठा पूर आला. होई आनच्या रस्त्यांवरून होड्या चालत असल्याची चित्रे वर्तमानपत्रांत आली. आम्ही त्या मुलीला निरोप पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आले, सर्व सुखरूप, वाफे वाहून गेले, आता नव्याने पाणगवत अंथरत आहेत. बा कशा आहेत?

बा बऱ्या आहेत. चटई विहारात वंदनेच्या वेळी घालतात आणि वंदना झाली की स्वतः गुंडाळून घरी नेतात. उमरेडला आजोबांच्या घरी मागाचा खड्डा होता, ती जागा दाखवायला त्यांनी नातवंडांना दिवाळीच्या सुट्टीत नेले. जागेवर आता मोटारसायकल उभी असते.

आमच्या वस्तीतल्या बचत गटाच्या सात मुली लंबी रोटी शिकायला तयार झाल्या आहेत. मावशी दर रविवारी दुपारी तीन वाजता विहाराच्या अंगणात शिकवतात. मुलगेही चालतील, असे त्यांनी मुद्दाम सांगायला लावले आहे. फी ठेवली आहे, फुकट शिकवणार नाही म्हणतात. मडके आणि लाकडे त्यांच्याकडची. लोकवनचे पीठ ज्याने त्याने घरून आणावे, आणि पहिल्या दिवशी बाह्यांचा सदरा घालून येऊ नये.